कुस्ती केंद्रात आहारतज्ज्ञ म्हणून रुजू होताना: वजनाचा प्रश्न आधी

प्रश्न विचारणारी मुलगी अन्न व पोषण विषयात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका निवासी कुस्ती केंद्राने तिला आहारतज्ज्ञ म्हणून बोलावलंय. तिथे मुलं-मुली दोघंही राहतात. तिने तीन गोष्टी विचारल्या आहेत. क्रीडा आहारतज्ज्ञाचं काम रोजच्या रोज नेमकं काय असतं? सुरुवात कुठून करायची? आणि ऐन स्पर्धेच्या तोंडावर "हिचं चार किलो उतरवून द्या" असं सांगितलं तर काय करायचं?

तिसरा प्रश्न आधी घेते, कारण उरलेल्या दोन्हींची उत्तरं त्याच्या पोटात आहेत. स्पर्धा आठवड्यावर आली असताना चार किलो उतरवायला सांगितले तर नाही म्हणायचं. पण तुमचं 'नाही' कोणी ऐकावं, यासाठी आधीचे तीन-चार महिने तुम्ही तिथे खपलेल्या असायला हव्यात. वजनगट कोणता लढायचा हे हंगामाच्या सुरुवातीला ठरतं, आणि तो ठरताना आहारतज्ज्ञ खोलीत नसेल तर पुढचं सगळं काम निस्तरण्याचं उरतं. कुस्तीतल्या माझ्या सगळ्या कामाचा गाभा मी हाच मानते.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ ला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. विनेश फोगट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीआधी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. नियम काय आहे तो नीट समजून घ्या. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय कुस्तीत एक गट दोन दिवस चालतो आणि वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळी होतं. अंतिम फेरीत किंवा रेपेचाजमध्ये (अंतिम फेरी गाठणाऱ्यांकडून हरलेल्यांची कांस्यासाठीची फेरी) पोहोचलेल्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काट्यावर उभं राहावं लागतं. म्हणजे पहिल्या सकाळी तुम्ही घाम गाळून, पाणी तोडून गटात बसलात, तरी त्याच दिवशी तीन कुस्त्या लढायला खावं-प्यावं लागणारच. ते अन्नपाणी अंगात गेलं की वजन उलटतं, आणि रात्रीत ते पुन्हा उतरवायचं. विनेशच्या बाबतीत संध्याकाळपर्यंत ते २.७ किलोने वर गेलं होतं. रात्रभर धावणं, सॉना म्हणजे घाम काढायची तापलेली खोली, शेवटी केसही कापले. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने ५७ किलो गटात सुमारे दहा तासांत ४.६ किलो उतरवले आणि कांस्य घेतलं, त्याचं खूप कौतुक झालं. कौतुक करावं अशीच जिद्द होती ती. पण तुमच्या केंद्रातला सतरा वर्षांचा पोरगा त्यातून "एका रात्रीत साडेचार किलो जातात" एवढंच उचलतो, आणि अमनच्या भोवती रात्रभर जागलेले प्रशिक्षक, डॉक्टर त्याला दिसत नाहीत.

१९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन कुस्तीत तीन मल्ल वजन उतरवताना दगावले. रबरी सूट घालून तापलेल्या खोलीत व्यायाम, पाणी बंद. त्यानंतर तिथे सॉना आणि रबरी सूट यांच्यावर बंदी आली. हंगामाआधी लघवीची तपासणी करून अंगात पाणी पुरेसं आहे याची खात्री करायची, मग चरबी मोजायची आणि त्यावरून त्या मल्लाचा किमान गट ठरवायचा, आठवड्याला वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त उतरवायचं नाही, असे नियम झाले. आपल्याकडे तालुका-जिल्हा पातळीवर असं काही नाही. म्हणून हा हिशेब तुम्हालाच मांडावा लागेल. मी तो कसा मांडते ते एका उदाहरणावर दाखवते.

समजा मुलगी ५८ किलोची आहे आणि कॅलिपरने, म्हणजे कातडीची घडी मोजायच्या चिमट्याने, मोजल्यावर चरबी २० टक्के येते. म्हणजे चरबी ११.६ किलो आणि उरलेलं, म्हणजे स्नायू, हाडं, पाणी वगैरे, ४६.४ किलो. वस्ताद म्हणतात ५३ मध्ये लढवू, तिथे स्पर्धा कमी आहे. आता स्नायू जराही न गमावता ती ५३ वर आली, तर तिच्या अंगात ६.६ किलो चरबी उरेल, साडेबारा टक्के. अमेरिकेतल्या शालेय कुस्तीत मुलींसाठी किमान मर्यादा १२ टक्क्यांची आहे. म्हणजे ही पोरगी थेट कड्यावर उभी राहणार, आणि प्रत्यक्षात स्नायू गमावल्याशिवाय ती तिथे पोहोचणारही नाही. ५५ ला हाच आकडा साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास येतो, ५७ ला साडेअठरा. ५५ हा गट ऑलिंपिकमध्ये नाही, पण बाकीच्या स्पर्धांत आहे. हा कागद मी वस्तादांसमोर ठेवते आणि ५५ किंवा ५७ म्हणते. वाद होतो. पण आकड्यांवर वाद झालेला बरा.

५५ ठरलं तर तीन किलो उतरवायला किमान दीड-दोन महिने, आठवड्याला अर्धा किलोच्या आत. आणि इथेच नव्या आहारतज्ज्ञांचा हात घसरतो. क्लिनिकमध्ये वजन कमी करायला येणाऱ्यांना देतात तो १२०० कॅलरींचा तक्ता खेळाडूला कधीही देऊ नका. दोन वेळच्या सरावात या मुलीच्या साधारण ७०० कॅलरी जातात. १२०० मधून त्या वजा केल्या तर ५०० उरतात. त्या ५०० वर ४६.४ किलो शरीर चालवायचं, म्हणजे किलोमागे जेमतेम ११. याला ऊर्जा उपलब्धता म्हणतात. ती ४५ च्या आसपास असली की शरीराचे सगळे व्यवहार सुरळीत चालतात, ३० च्या खाली बराच काळ राहिली की शरीर एकेक खातं बंद करायला लागतं. तेव्हा हिच्यासाठी तळाचा आकडा ४६.४ गुणिले ३० अधिक ७००, म्हणजे सुमारे २१०० कॅलरी. वजन उतरवतानाही सरावाच्या दिवशी याच्या खाली जायचं नाही.

प्रथिनं किलोमागे १.८ ग्रॅम धरली तर रोजचे १०० ग्रॅमच्या थोडे वर. मेसमधून हे जमतं. चार अंडी २५, अर्धा लिटर दूध १८, मोठी वाटी मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ १२, दीडशे ग्रॅम चिकन ३५, आणि दिवसभराच्या भाकरी-पोळ्यांतून १५. हे सगळं सांगलीच्या बाजारात मिळतं. सोमवार, शनिवार, चतुर्थी, आणि घर माळकरी असेल तर कायमच, चिकन-अंडी बाद होतात. मग पनीर, दही, सोयाबीनचे चंक्स, डाळीचं प्रमाण वाढवायचं. नवरात्रात नऊ दिवस उपास धरणाऱ्या मुली असतात. त्यांना उपास सोडायला सांगण्याच्या भरीस पडू नका, ऐकणार नाहीत आणि विश्वास गमावाल. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट आणि वर तेल. त्याच्या जागी वरईचा भात, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, रताळं, दही, ताक, दूध. मेसच्या मावशींना दोन दिवस आधी सांगून ठेवा.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत चोथा कमी करायचा. भाकरी, उसळी, कोशिंबिरी थांबवून मऊ भात, दही, अंडी, पिकलं केळं, बटाटा. आतड्यातला ऐवज कमी होतो आणि अर्धा-पाऊण किलो न कुढता जातो. मीठही थोडं आवरतं घ्यायचं, लोणचं-पापड बंद. पाणी तोडायचं नाही. वजन झाल्यावर काही तासांतच पहिली कुस्ती असते, म्हणून आधी ओआरएस घोट घोट, मग गूळ घातलेली तांदळाची पेज, केळं, जॅम-ब्रेड असं हलकं. गमावलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर पातळ पोटात जावं लागतं. मॅटवर जायच्या आधी ते रिचायला वेळ किती आहे याचा विचार करा, मग चार किलो घामाने उतरवणं का अशक्य ते वस्तादांना वेगळं सांगावं लागणार नाही.

आता सुरुवात कशी करायची. पहिले दोन-तीन आठवडे कुणालाही तक्ता देऊ नका. पहाटे साडेचार-पाचला तालमीत जाऊन बसा. जोर, बैठका, सपाट्या, लढती, कोण किती वेळ घाम गाळतं, कोण उपाशीपोटी येतं, कोण सरावानंतर तासभर काहीच खात नाही, हे बघा. सरावाच्या आधी आणि नंतर वजन घ्या, मधे प्यालेलं पाणी त्यात मिळवा. एप्रिल-मेमध्ये एकेकाचा तासाचा घाम पाहून तुम्हीच चकित व्हाल. मग मेसमध्ये जा. तेलाचा डबा किती दिवसांत संपतो, दुधात पाणी किती, डाळ किती पातळ, शेवटच्या पंगतीला काय उरतं. माझा अनुभव असा की मुलांना सगळ्यात मोठा फायदा कुठल्याही पावडरच्या डब्यापेक्षा सरावानंतर अर्ध्या तासात काहीतरी हातात पडण्याने होतो: दोन केळी आणि पेलाभर दूध, उकडलेली अंडी, शेंगदाण्याची चिक्की. हे घडवायचं तर मेसचं वेळापत्रक हलवावं लागतं, आणि ते हलवायला स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईंशी जमवून घ्यावं लागतं. त्यांना मान द्या. त्यांच्या हातात तुमचं निम्मं काम आहे.

वस्तादांशी पहिली खडाजंगी बहुधा खुराकावरून होते. कोल्हापूर-सांगलीच्या तालमींत बदाम, खसखस, बडीशेप, काळी मिरी पाट्यावर वाटून केलेली थंडाई, म्हशीचं दूध आणि तूप ही परंपरा आहे. कोल्हापुरात गंगावेशीला दूध कट्ट्यावर आजही म्हशी समोर पिळून दूध देतात. शहरातून शिकून आलेली मुलगी याला 'अशास्त्रीय' म्हणाली की तिचं तिथलं काम संपलं. आणि ते अशास्त्रीय नाहीच. हिशेब करा: दोन लिटर म्हशीचं दूध, शंभर ग्रॅम बदाम, शंभर ग्रॅम तूप. साडेतीन हजारांहून जास्त कॅलरी, प्रथिनं ९० ग्रॅमच्या आसपास. मातीत दोन-दोन तास घुमणाऱ्या, आखाडा खणणाऱ्या, महाराष्ट्र केसरीच्या वरच्या गटात उतरायचं स्वप्न बघणाऱ्या ११० किलोच्या पैलवानाला एवढं इंधन लागायचंच, आणि गावात मिळणाऱ्या वस्तूंतून ते उभं करण्याची ही रीत पिढ्यांनी पारखलेली आहे. जत्रेच्या फडावर वजनकाटाही नसतो, जोड नजरेने लावतात. पण तोच खुराक मॅटवर ५७ किलोत लढणाऱ्या पोराला लागू केला की गणित बिघडतं. पावणेतीनशे ग्रॅमच्या वर स्निग्ध पदार्थ, आणि सहा मिनिटांच्या वेगवान लढतीला ज्याची गरज ती कर्बोदकं तुलनेने कमी. मी थंडाई बंद करत नाही. बदामांची संख्या कमी करते, तूप काढते, दूध गाईचं किंवा साय काढलेलं घेते आणि ती सरावाच्या आधी न देता नंतर देते. वस्तादांना हे पटतं, कारण परंपरा त्यांची राहते.

त्यांच्याशी बोलताना खाशाबा जाधवांची गोष्ट मला नेहमी उपयोगी पडते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ साली लंडनला फ्लायवेट गटात लढले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत ते वरच्या, बँटमवेट गटात उतरले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. पदकाला इतर अनेक कारणं होती हे उघड आहे. तरी वरचा गट म्हणजे माघार, ही समजूत ढिली करायला आपल्याच मातीतलं हे नाव पुरतं.

मुलींबद्दल वेगळं लिहिते, कारण तिथे गप्प बसण्याची किंमत फार मोठी आहे. तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवायचं, दुसरा विचार नाही. "सराव जोरात चालू आहे म्हणून थांबली, चांगलंच आहे" हे मी प्रशिक्षकांकडून ऐकलंय आणि आयांकडूनही. कमी खाण्यामुळे पाळी थांबते तेव्हा हाडांची भरणही थांबते, आणि पुढे नडगीत ताणाचं फ्रॅक्चर घेऊन पोरगी सहा-आठ आठवडे बसून राहते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या साऱ्या अवस्थेला 'रेड-एस' (RED-S, खेळाडूतली ऊर्जेची सापेक्ष कमतरता) हे नाव दिलंय आणि २०२३ मध्ये तिच्या तपासणीची पद्धत सुधारून दिली आहे. ती वाचून ठेवा. मुलग्यांमध्येही हे होतं, फक्त खूण दिसत नाही.

रुजू होताच सगळ्यांचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. तुमच्या मुली याच घरांतून आलेल्या आहेत. जेवणाला लागून चहा घ्यायची सवय मोडा, तासभर अंतर ठेवा; जेवणात लिंबू, पेरू, आवळा आणा; हळिवाचे लाडू उत्तम. पण फेरिटिन खाली गेलेलं असेल तर लाडवांवर भागवू नका, डॉक्टरांकडून लोहाच्या गोळ्या सुरू करा.

मुलींची चरबी मोजताना बंद खोली, मोजणारी बाई, आणि आकडा त्या मुलीशिवाय कोणाला सांगायचा तर तिला विचारून. भिंतीवर सगळ्यांची वजनं लिहिलेला फळा दिसला तर पहिल्या आठवड्यात तो उतरवायची विनंती करा. त्या फळ्यामुळे जेवून ओकणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. अशी शंका आली तर तक्ता बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्या, एकटीने सांभाळायला जाऊ नका.

पूरक पदार्थांचा विषय टाळता येणार नाही, कारण तुम्ही पोहोचाल तेव्हा मुलांच्या पेटीत डबे असतील. उत्तेजकविरोधी नियमांत शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची. डब्यावर लिहिलेलं नव्हतं, दुकानदाराने दिलं, जिममधल्या दादाने सांगितलं, यातलं काही ऐकून घेत नाहीत. बंदी चार वर्षांपर्यंत जाते, आणि आहारतज्ज्ञाने देण्यात हात असल्याचं सिद्ध झालं तर तिच्यावरही कारवाई होते. २०२२ पासून आपल्याकडे त्यासाठी राष्ट्रीय कायदाही आहे. आखाड्यांत मेफेन्टरमाइनची इंजेक्शनं फिरतात, ते बंदी असलेलं उत्तेजक आहे. वजनाआधी घेतली जाणारी 'लघवीची गोळी' म्हणजे फ्युरोसेमाइडसारखी मूत्रल औषधं, तीही बंदीच्या यादीत आहेत आणि पाणी तोडलेल्या शरीरात हृदयाचे ठोके बिघडवू शकतात. हे मुलांना घाबरवायला सांगू नका, नावं घेऊन, शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगा. क्रिएटिन कायदेशीर आहे, रोज ३ ते ५ ग्रॅमने ताकदीला फायदाही होतो, पण अंगात पाणी धरून वजन किलोभर वाढवतं, तेव्हा गटाच्या काठावरच्या मल्लाला हंगामात नको. व्हे, म्हणजे दुधातल्या प्रथिनांची, पावडर घ्यायचीच झाली तर प्रत्येक बॅच उत्तेजकांसाठी तपासल्याचं चिन्ह असलेलीच, आणि डब्याचा बॅच क्रमांक वहीत टिपून. मेसचं दूध-अंडी पुरेसं आहे तिथे मी पावडर लिहून देत नाही. कंपनीचं कमिशन तर एकदाही घेऊ नका. एकदा घेतलं की तुमच्या प्रत्येक सल्ल्याकडे मुलं त्याच नजरेने बघणार.

शिक्षणाचं थोडक्यात. एम.एस्सी. पूर्ण करा, इंडियन डायटेटिक असोसिएशनची आर.डी. (नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) परीक्षा द्या, आणि आयसॅक या शरीरमापनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा पहिला स्तर करा; कॅलिपर नीट धरता आला नाही तर वरचा सगळा हिशेब फोल आहे. पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा क्रीडा पोषणातला डिप्लोमा परवडला तर उत्तम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते हाताशी ठेवा, परदेशी ॲपमधले भाकरीचे आकडे भरवशाचे नसतात. कमाईचं म्हणाल तर केवळ कुस्ती केंद्रावर सुरुवातीला घर चालत नाही. बहुतेक जणी सकाळ खेळाडूंना आणि संध्याकाळ साधं क्लिनिक अशी वाटणी करतात, मीही तेच करते.

होकार कळवण्याआधी केंद्राकडून चार गोष्टी लेखी घ्या. वजनगट ठरवण्याच्या बैठकीत तुम्ही असाल. मेसच्या यादीत बदल सुचवायचा अधिकार तुम्हाला असेल. रक्ततपासणीचा खर्च केंद्र करेल. आणि तुमच्या सहीशिवाय एकाही अल्पवयीन मुला-मुलीचं वजन महिन्यात दोन किलोपेक्षा जास्त उतरवलं जाणार नाही. शेवटच्या मुद्द्यावर ते काचकूच करतील. तेव्हा वर दिलेला ५८ किलोच्या मुलीचा हिशेब सोबत जोडून द्या, आणि त्या केंद्राचे डॉक्टर कोण आहेत ते विचारून त्यांना आधी भेटून या. डॉक्टर तुमच्या बाजूने बोलले तर वस्ताद सहसा ऐकतात.